संकटाआधीची यादी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. ते ओसरले तेव्हा किराणा, कापड, औषधे, झेरॉक्सची यंत्रे या सगळ्यांचा रंग एकच झाला होता. त्याच पावसाने महाड बुडवले आणि दोन वर्षांपूर्वीचा पूर अजून विसरू न शकलेल्या कोल्हापूर-सांगलीतही पुन्हा पाणी आणले. ३ ऑगस्टला राज्य मंत्रिमंडळाने ११,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीला मंजुरी दिली. रस्ते, शेती, घरे या मोठ्या रकमांच्या गर्दीत छोट्या धंद्यांसाठीही दोन ओळी होत्या. दुकानदाराला प्रत्यक्ष नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५०,००० रुपये. टपरीधारकाला ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त १०,००० रुपये.

रकमेआधी अटी होत्या. लाभार्थी स्थानिक रहिवासी हवा, मतदार यादीत नाव हवे, रेशनकार्ड हवे, धंदा नोंदणीकृत आणि परवानाधारक हवा. मंत्रालयात बसून वाचले तर यात खटकण्यासारखे काही नाही. सरकारी पैसा आहे, कुणालाही कसा द्यायचा? पण कुठल्याही तालुक्याच्या बाजारातून सावकाश एक चक्कर मारली तर अट आणि बाजार यांचा मेळ बसत नाही. पाणीपुरीची गाडी लावणाऱ्याचे मतदार यादीतले नाव उत्तर प्रदेशात असते. भाजी घेऊन रोज एसटीने येणारी बाई दुसऱ्या तालुक्याची असते. दुसऱ्याच्या ओट्यावर शिलाई यंत्र टाकून बसलेल्या शिंप्याकडे भाड्याची पावतीही नसते. पुराचे पाणी या तिघांच्याही मालात शिरते. पंचनाम्यात मात्र ते येतीलच असे नाही.

संकटात कोणत्या छोट्या धंद्याला सरकारी मदत मिळणार, हे बरेचसे संकट येण्याआधीच ठरून गेलेले असते. सरकारच्या कपाटात कोणती यादी तयार पडली आहे, यावर. ती यादी भलत्याच कामासाठी केलेली असते: कर वसूल करायला, परवाने द्यायला, मते मोजायला. आणीबाणीत तीच बाहेर काढली जाते आणि तिच्यात नसलेला माणूस मदतीच्या हिशेबातूनही गळतो. चिपळूणला झाले ते लंडनमध्येही झाले आणि बर्लिनमध्येही. तपशील वेगळे, इतकेच.

आधी हे धंदे किती आणि कसे, ते पाहू. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७३व्या फेरीनुसार, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशात सूक्ष्म, लघु आणि मध्यम मिळून सुमारे ६.३४ कोटी उद्योग होते. त्यांतले ६.३० कोटींहून अधिक सूक्ष्म. म्हणजे ज्याला आपण ‘एमएसएमई क्षेत्र’ म्हणतो ते ९९ टक्के सूक्ष्मच आहे. लघु आणि मध्यम हे त्याचे शेपूट. त्यातही सरकारी व्याख्या ऐसपैस आहे. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा ‘सूक्ष्म’ ठरतो. त्यामुळे औद्योगिक वसाहतीतला दहा-वीस कामगारांचा वर्कशॉपवाला आणि कोपऱ्यावरचा चांभार एकाच रकान्यात बसतात. योजना आखली जाते पहिल्याला डोळ्यांसमोर ठेवून, भाषणात नाव घेतले जाते दुसऱ्याचे.

या दुसऱ्याच्या धंद्याचे एक वैशिष्ट्य बँकेच्या फॉर्ममध्ये मावत नाही. त्याचा गल्ला आणि त्याचे घर यांत भिंत नसते. सकाळी मालासाठी मोडलेली नोट संध्याकाळी परत येते आणि त्यातूनच दूध, शाळेची फी आणि उद्याचा माल निघतो. धंदा पंधरा दिवस बंद पडला की आधी शिल्लक संपते आणि मग भांडवल खाल्ले जाते, पेरणीसाठी राखलेले बियाणे दळून खावे तसे. त्यानंतर बाजार उघडला तरी माल भरायला पैसे नसतात. मग दररोज वसुलीला येणारा खासगी सावकार, भिशीतली उचल किंवा बायकोच्या गळ्यातले मणी. म्हणून मदतीच्या रकमेइतकेच तिच्या तारखेला महत्त्व असते. पहिल्या महिन्यातले पाच हजार भांडवल वाचवू शकतात. सहाव्या महिन्यातले पाच हजार सावकाराच्या व्याजात जातात.

अशी थेट रोख रक्कम खरोखर कामाला लागते की उडवली जाते? या प्रश्नाचे एक चांगले उत्तर श्रीलंकेतून आले आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर सुरेश डी मेल, डेव्हिड मॅकेन्झी आणि ख्रिस्तोफर वुड्रफ या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या दक्षिण किनाऱ्याकडच्या सहाशेहून अधिक चिमुकल्या धंद्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. त्यांतल्या काहींना सोडत पद्धतीने १०,००० किंवा २०,००० श्रीलंकन रुपये दिले, कुणाला रोख तर कुणाला वस्तूंच्या रूपात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की या भांडवलावर दरमहा सुमारे पाच टक्के परतावा मिळत होता, बँकांच्या कर्जदराच्या कितीतरी वर. छोट्या धंद्याला अक्कल कमी नव्हती, भांडवल कमी होते.

पण त्याच संशोधनात दोन गोष्टी होत्या आणि त्या योजना आखणाऱ्यांनी भिंतीवर लावाव्यात अशा आहेत. पहिली: पुरुषांच्या धंद्यात नफा वाढला, स्त्रियांच्या धंद्यात सरासरीने काहीच वाढला नाही. पुढे इतर संशोधकांनी ही आकडेवारी पुन्हा तपासली तेव्हा लक्षात आले की घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर बाईच्या नावाने आलेला पैसा बहुधा त्याच्या धंद्यात वळतो. ज्यांच्या घरात दुसरा धंदा नव्हता, त्या स्त्रियांनी पैशाचे सोने केले. दुसरी: मदतीमुळे किरकोळ दुकाने लवकर सावरली, पण वस्तू बनवणाऱ्यांना तिचा तसा उपयोग झाला नाही. त्यांचा कच्चा माल पुरवणाऱ्यांची साखळीच लाटेने तोडलेली होती. काथ्याच येणार नसेल तर दोरी वळणाऱ्याने अनुदान घेऊन करायचे काय?

आता भारताकडे. २५ मार्च २०२० ला कोरोनामुळे देश बंद झाला आणि केंद्राने छोट्या धंद्यांसाठी जे काही दिले ते प्रामुख्याने कर्जाच्या रूपात. मे महिन्यात जाहीर झालेली तीन लाख कोटींची आपत्कालीन पतहमी योजना गाजली. तीत शिल्लक कर्जाच्या २० टक्के इतके नवे कर्ज सरकारी हमीवर मिळणार होते. म्हणजे आधीचे कर्ज असणे ही पात्रता. ज्याला बँकेने कधी दारात उभे केले नाही तो इथेही दाराबाहेरच. फेरीवाल्यांसाठी १ जून २०२० पासून पीएम स्वनिधी आली: तारणाशिवाय १०,००० रुपये, वर्षभरात फेडायचे, व्याजात सात टक्क्यांची सवलत, डिजिटल व्यवहार केले तर वर्षाला बाराशेपर्यंत कॅशबॅक, आणि फेडले की पुढचे मोठे कर्ज.

स्वनिधीला नावे ठेवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. जुलै २०२५ अखेरपर्यंत ६८ लाख फेरीवाल्यांना ९६ लाख कर्जे, एकूण १३,७९७ कोटी रुपये मिळाले. बँकेचा उंबरठा न पाहिलेल्या माणसाच्या नावावर पतनोंद तयार झाली, हे मोठेच काम. आता ती २०३० पर्यंत वाढवली आहे आणि पहिला हप्ता १५,००० चा केला आहे. पण हे सावरण्याच्या काळातले औषध आहे. रस्त्यावर गिऱ्हाईकच नसताना, गाडी लावली तर पोलिस उठवत असताना घेतलेले कर्ज हे धंद्यात जात नाही, पोटात जाते, आणि परतफेडीचा हप्ता मात्र धंद्यातूनच काढावा लागतो.

‘अनुदान’ म्हणून आपल्याकडे ओळखल्या जाणाऱ्या योजनांचेही असेच आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के रक्कम सरकार देते खरे, पण ती तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकून राहते आणि नंतर कर्जखात्यात वळते. नवा धंदा काढणाऱ्याला ती उपयोगी पडते. बुडत्याला तिचा उपयोग नाही.

कर्ज नको, थेट पैसे द्या, ही वाट काही राज्यांनी धरली. कर्नाटकात ६ मे २०२० रोजी येडियुरप्पा सरकारने सुमारे ६० हजार धोबी, दोन लाख ३० हजार न्हावी आणि पावणेआठ लाख रिक्षा-टॅक्सीचालक यांना प्रत्येकी ५,००० रुपये जाहीर केले. आंध्र प्रदेशाने १० जूनला ‘जगनन्ना चेदोडु’ योजनेत २,४७,०४० शिंपी, न्हावी आणि धोबी यांच्या खात्यांत प्रत्येकी १०,००० रुपये टाकले. आंध्रचा वेग काही योगायोगाने आला नव्हता. तिथे २०१९ मध्येच गावोगाव आणि वॉर्डावॉर्डात सचिवालये उभी राहिली होती आणि ठरावीक घरांमागे एक स्वयंसेवक नेमला गेला होता. गल्लीत कुणाचे इस्त्रीचे दुकान आहे हे त्या पोराला माहीत होते. राजकीय टीकाही याच स्वयंसेवकांवर सर्वांत जास्त झाली, ते पक्षाचे कार्यकर्तेच आहेत म्हणून. टीकेत तथ्य असेल. पण संकटात यादी हाताशी होती, हेही खरे.

महाराष्ट्राची पाळी वर्षभराने आली. १३ एप्रिल २०२१ रोजी ‘ब्रेक द चेन’चे निर्बंध जाहीर करताना उद्धव ठाकरे यांनी नोंदणीकृत पाच लाख फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी दीड हजार रुपये देण्याचे सांगितले. रिक्षांसाठी परिवहन विभागाने ऑनलाइन अर्ज मागवले ते मेच्या उत्तरार्धात. दरम्यान महिना उलटून गेलेला. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जाणार होते, पण अनेकांचा आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक जुना, बंद पडलेला. सुमारे सात लाख १५ हजार परवानाधारकांसाठी हिशेब मांडलेला होता. ‘परवानाधारक’ हा शब्द इथे महत्त्वाचा. मुंबई-ठाण्यात परवाना एकाचा आणि दिवसपाळीला दुसरा, रात्रपाळीला तिसरा अशी रीत जुनी आहे. मालकाला रोजचे भाडे मोजून देणारा तो पाळीवाला यादीत असण्याची शक्यताच नव्हती. आणि दीड हजारांत रिक्षाच्या कर्जाचा एक हप्ताही निघत नाही, हे कोणत्याही रिक्षा स्टँडवर विचारले असते तरी समजले असते.

फेरीवाल्यांची अवस्था याहून अवघड. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्या, सर्वेक्षण करा, प्रमाणपत्रे द्या, असे सांगितले. मुंबईत त्याच वर्षी सुमारे ९९ हजार अर्ज आले. छाननीत पात्र ठरले १५ हजारांच्या आसपास. ऑगस्ट २०२४ मध्ये नगर पथविक्रेता समितीची निवडणूक झाली तेव्हाही मतदार होते ३२ हजारांवर. कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा या कायद्याला सहा वर्षे होत आली होती. ती सहा वर्षे यादी करण्यात गेली असती, तर २०२० मध्ये स्वनिधीसाठी पालिकेचे शिफारसपत्र नावाचा जोड-दरवाजा उघडावा लागला नसता.

यावर कुणी म्हणेल, हे आपल्याकडचे रडगाणे. पुढारलेल्या देशांत असे नसते. असते.

ब्रिटनने मार्च २०२० मध्ये छोट्या धंद्यांसाठी अनुदान काढले. ११ मार्चच्या अर्थसंकल्पात ते ३,००० पौंडांचे होते. सहा दिवसांत परिस्थिती अशी पालटली की ते १०,००० झाले. वाटप स्थानिक परिषदांकडे आणि यादी कोणती? धंद्याच्या जागेवर आकारल्या जाणाऱ्या मालमत्ता कराची. ज्यांना छोटा धंदा म्हणून या करात सवलत होती त्यांना अनुदान. कल्पना हुशारीची, कारण यादी तयार होती. पण त्यांतल्या अनेकांचा कर शून्य असल्यामुळे त्यांची बँक खाती परिषदांकडे नव्हती आणि पत्रे पाठवून ती मागवत बसावे लागले. ज्यांच्या नावावर जागाच नव्हती ते तर पूर्ण बाहेर: आठवडी बाजारात गाळा लावणारे, चार जणांत एक कार्यालय वापरणारे. त्यांच्यासाठी मे महिन्यात ६१.७ कोटी पौंडांचा वेगळा ऐच्छिक निधी काढावा लागला. चिपळूणच्या ओट्यावरचा शिंपी तिथे असता तर त्याला दोन महिने थांबावे लागले असते. इथे त्याला दुसरी खेप मिळाली नाही, फरक तेवढाच.

अमेरिकेचे प्रकरण थोडक्यात सांगण्यासारखे आहे. तिथे छोट्या धंद्यांसाठी ठेवलेल्या माफीपात्र कर्जाचे ३४९ अब्ज डॉलर तेरा दिवसांत संपले. वाटप बँकांकडून होते आणि बँकांनी आपले जुने, मोठे ग्राहक आधी पाहिले. शेक शॅक या बर्गर साखळीला एक कोटी डॉलर मिळाले. गवगवा झाल्यावर तिने ते परत केले. यादी इथेही होतीच, बँकेच्या खातेदारांची.

सर्वांत बोलका धडा जर्मनीचा. २३ मार्च २०२० रोजी जर्मन मंत्रिमंडळाने ५० अब्ज युरोंची तातडीची मदत ठरवली: पाचपर्यंत कामगार असलेल्या धंद्याला ९,००० युरोपर्यंत, दहापर्यंत असलेल्याला १५,००० पर्यंत, तीन महिन्यांसाठी. चार दिवसांत, २७ मार्चला, बर्लिन आणि नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यांत ऑनलाइन अर्ज सुरू झाले. बर्लिनमध्ये अर्जदारांची आभासी रांग लाखांत गेली, पण पैसे काही दिवसांत खात्यांवर आले. कागद कमी, विश्वास जास्त. एकट्याने काम करणारा छायाचित्रकार, केशकर्तनालय चालवणारी बाई, छोटा कॅफेवाला, सगळे यात आले. इतक्या वेगाने सरकारने कुणा छोट्या माणसाला क्वचितच पैसे दिले असतील.

मग बिले येऊ लागली. एप्रिलमध्ये भामट्यांनी अर्जाच्या खोट्या वेबसाइट उभ्या केल्या आणि नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाला ९ एप्रिलला वाटप थांबवावे लागले. ते काही दिवसांत पुन्हा सुरू झाले. खरी गाठ नंतर बसली. पैसे धंद्याच्या चालू खर्चासाठी, म्हणजे भाडे, भाडेपट्टा, कर्जाचे हप्ते यांसाठीच होते, असे सरकारने नंतर ठासून सांगितले. पोटासाठी बेकार भत्त्याच्या कार्यालयात जा. आता घरच्या खोलीत व्हायोलिन शिकवणाऱ्याच्या धंद्याला भाडे कुठले? त्याचा धंदा म्हणजे तो स्वतःच. त्याला तर खर्च शून्य, म्हणून मदतही परत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने मात्र महिन्याला ११८० युरो मालकाच्या स्वतःच्या निर्वाहासाठी धरायला परवानगी दिली होती. म्हणजे राज्याची सीमा ओलांडली की त्याच शिक्षकाचे पोट खर्चात धरले जाई.

नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाने परतफेडीचे आदेश काढले तेव्हा लोक न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या प्रशासकीय न्यायालयाने आणि १७ मार्च २०२३ रोजी म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने ते आदेश बेकायदा ठरवले. मुद्दा सरळ होता: पैसे देताना जे लिहून दिले, त्यावरून बुडालेल्या उत्पन्नासाठीही ते वापरता येतील असे लाभार्थ्याला वाटू शकत होते; नियम नंतर बदलून मागे लावता येत नाहीत. मूळ शब्दांना धरून नव्याने हिशेब करायची मोकळीक मात्र राज्याला राहिली, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटले असे नाही.

जर्मनीत वेग होता, रक्कम होती, पण ‘खर्च’ कशाला म्हणायचे ते छोट्या धंद्याच्या बाजूने पाहून ठरवलेले नव्हते. ज्या धंद्यात गल्ला आणि घर एकच, तिथे धंद्याचा खर्च आणि घरचा खर्च वेगळा काढायला सांगणे म्हणजे त्या धंद्याला मोठ्या कंपनीचे कपडे घालायला लावणे. आपल्या पंचनाम्यातही हेच होते. भिजलेला माल मोजता येतो. दोन महिने न झालेली विक्री कुठल्याच तलाठ्याला मोजता येत नाही आणि म्हणून ती नुकसानीतच धरली जात नाही. छोट्या धंद्यांची मोठी हानी तर तीच असते.

यादीच्या बाजूने अलीकडे एक हालचाल झाली आहे. जीएसटीच्या बाहेर असलेल्या अगदी लहान धंद्यांची नोंद करण्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये ‘उद्यम असिस्ट’ हे व्यासपीठ सुरू झाले. बँका, सूक्ष्म वित्तसंस्था यांच्यामार्फत त्यावर कोट्यवधी नोंदी झाल्या आहेत. स्वनिधीमुळे लाखो फेरीवाल्यांची खाती आणि धंद्याचे ठिकाण सरकारला माहीत झाले आहे. म्हणजे पुढच्या संकटात ‘आमच्याकडे माहितीच नव्हती’ ही सबब पूर्वीइतकी चालणार नाही. फक्त या दोन्ही याद्या कर्जाच्या वाटेने तयार झाल्या आहेत. ज्याने कर्ज घेतलेच नाही, किंवा घ्यायचे धाडस केले नाही, तो अजूनही त्यांत सापडणार नाही. पालिकेचा रोजचा बाजार फी गोळा करणारा माणूस, जो पावती फाडून देतो, त्याला हे सगळे चेहरे ठाऊक असतात. त्याची पावती-पुस्तके धंद्याचा पुरावा म्हणून धरायला खर्च जवळपास शून्य आहे. कोणी धरलेली नाहीत.

रकमेच्या बाजूने मात्र काहीच हललेले नाही. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या पुरानंतर छोट्या व्यावसायिकांसाठी नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५०,००० रुपये ठरले. २०२१ मध्ये दुकानदारांसाठी तेच ५०,०००. ऑक्टोबर २०२५ मध्ये मराठवाड्यासह राज्यभर झालेल्या अतिवृष्टीनंतर ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यातही दुकानदाराच्या नावापुढे आकडा होता ५०,०००. या सहा वर्षांत तेलाचा डबा, कापडाचा तागा आणि शिलाई यंत्र, तिन्हींचे भाव वाढले आहेत.